विषय चांगला म्हणून सिनेमा चांगला?

(बीड जिल्ह्यातल्या महिला गटांच्या शिबिरात सिनेमाच्या एका विद्यार्थिनीनं केलेल्या भाषणाचा मजकूर)

शिबिराच्या पत्रकात माझ्या नावापुढं ‘चांगला सिनेमा कसा ओळखावा’ असं लिहिलंय. मी पुण्यात सिनेमा शिकते, म्हणून हा विषय माझ्या वाट्याला आला. खरं तर तुमच्यातल्या बऱ्याच जणी माझ्यापेक्षा कितीतरी जास्त वर्षं सिनेमा पाहताहेत. जत्रेतल्या तंबूत पाहिला, तालुक्याच्या टॉकीजला पाहिला, शेजारणीच्या टीव्हीवर पाहिला, आता मोबाइलवर पाहता. तेव्हा मी शिकवायला आलेली नाही, एक प्रश्न घेऊन आले आहे.

आठ मार्च जवळ आला की गटांकडून फोन येतात. “ताई, बायांना दाखवायला एखादा सिनेमा सांगा. हुंड्यावर आहे का? दारूवर आहे का? बालविवाहावर?” औषधाच्या दुकानात दुखण्याचं नाव सांगून गोळी मागावी, तसा आपण सिनेमा मागतो. यामागची अडचण मला कळते. चळवळीकडं वेळ कमी, पैसा त्याहून कमी. दोन तास बाया एकत्र बसल्या तर त्यातून काही निघावं, असं वाटणारच. पण त्यामुळं विषय चांगला म्हणजे सिनेमा चांगला, असं आपण धरून चालतो. माझं म्हणणं आहे की तसं नसतं. एकाच विषयावरचे दोन सिनेमे घ्या. एक दुसऱ्या दिवशी विसरतो आणि दुसरा वीस वर्षं डोक्यात घर करून राहतो. सिनेमानं बाईकडं कसं पाहिलं, तिला किती वेळ दिला आणि तिला स्वतःचं काही ठरवू दिलं का, यावर हे अवलंबून असतं. आज मी एवढंच बोलणार आहे.

‘माहेरची साडी’पासून सुरुवात करते, कारण तो इथं सगळ्यांनी पाहिलाय. विजय कोंडके यांचा हा सिनेमा १९९१ साली आला. मूळ ‘बाई चाली सासरिये’ या राजस्थानी सिनेमाचा. गावोगावच्या बाया गाड्या करून तालुक्याला गेल्या आणि पदर डोळ्याला लावून बाहेर आल्या. शिकल्यासवरलेल्या लोकांनी या सिनेमाची पुष्कळ टिंगल केली, अजूनही करतात. मला ती टिंगल पटत नाही. घरात बाईला रडायला जागा कुठं असते? चुलीपुढं रडलं तर ‘धुरानं डोळे चुरचुरले’ म्हणावं लागतं. टॉकीजच्या अंधारात शेकडो बायांच्या सोबतीनं, कुणाला उत्तर न देता रडता आलं, ही लहान गोष्ट नाही. ते रडू खरं होतं.

पण मी बायांना पुढचं विचारते. अलका कुबलनं केलेली ती लक्ष्मी, तिला स्वतःला काय हवं होतं? तिचा छळ कुणी केला हे सगळ्यांना आठवतं. सासू आठवते, मार आठवतो. लक्ष्मीला काय हवं होतं, हे मात्र कुणाला सांगता येत नाही. सिनेमानं तिला ते विचारलेलंच नाही. सोसणं हे तिचं काम. जितकं जास्त सोसेल तितकी ती चांगली. आपण तिच्यासाठी रडलो, पण तिची ओळख झाली नाही. सिनेमा संपला, डोळे पुसले, घरी आलो, घर होतं तसंच होतं.

आता याच्या चोपन्न वर्षं आधीचा एक सिनेमा सांगते. १९३७ सालचा ‘कुंकू’. प्रभात कंपनीचा, दिग्दर्शक व्ही. शांताराम, मूळ कादंबरी ना. ह. आपटे यांची ‘न पटणारी गोष्ट’. नीरा नावाच्या तरुण मुलीचं फसवून एका म्हाताऱ्या विधुराशी लग्न लावून देतात. विषय म्हणाल तर बाईवरच्या अन्यायाचाच. पण नीरा ‘हे लग्न मी मानत नाही’ असं म्हणते आणि त्याच घरात राहून रोज म्हणत राहते. तिला काय हवं आहे आणि काय नको आहे, याबद्दल पाहणाराच्या मनात क्षणभरही शंका राहत नाही.

हा सिनेमा ज्या रीतीनं केला आहे ती रीत पाहा. त्याला पार्श्वसंगीत नाही. दुःख आलं की सारंगी वाजत नाही, राग आला की ढोल वाजत नाहीत. ऐकू येतात ते घरातले आवाज. पावलं, दार, भांडी, भिंतीवरचं घड्याळ. ते घड्याळ म्हणजे त्या म्हाताऱ्याचं वय, आणि नीराच्या हातून निसटत चाललेले दिवससुद्धा. हे कुणी बोलून दाखवत नाही. आपण घड्याळ ऐकतो आणि आपल्याला कळतं. वाजंत्री लावून रडवलेलं रडू त्या वाजंत्रीबरोबर थांबतं. स्वतः ऐकून, स्वतः समजून घेतलेली गोष्ट आपली होते. लक्षात राहणाऱ्या सिनेमाची ही पहिली खूण मानते मी. तो पाहणारीच्या अकलेवर भरवसा ठेवतो.

नीरा झालेल्या शांता आपटे पडद्याबाहेरही तशाच होत्या. १९३९ साली कंपनीशी वाद झाला तेव्हा त्या प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. सिनेमात येऊ पाहणाऱ्या मुलींसाठी त्यांनी पुढं ‘जाऊ मी सिनेमात?’ नावाचं पुस्तकही लिहिलं. त्याच ‘कुंकू’मध्ये म्हाताऱ्याच्या विधवा, समाजकार्य करणाऱ्या मुलीचं काम शकुंतला परांजपे यांनी केलं. र. धों. कर्व्यांच्या बरोबरीनं संततिनियमनाचं काम करणाऱ्या त्याच शकुंतलाबाई. मी ज्या आवारात शिकते तिथंच प्रभातचा स्टुडिओ होता. तिथं जुन्या गोष्टी निघाल्या की नावं बहुतेक पुरुषांचीच निघतात. आपण मात्र आपली नावं लक्षात ठेवली पाहिजेत. अगदी १९१३ पासून. ‘राजा हरिश्चंद्र’मधली तारामती एका पुरुषानं, अण्णा साळुंके यांनी केली, हे सगळे सांगतात. पण फाळक्यांच्या कच्च्या फिल्मला घरात बसून भोकं पाडण्याचं काम सरस्वतीबाई करत होत्या, आणि सगळ्या मंडळींचा स्वयंपाकही त्याच पाहत होत्या. त्याच वर्षीच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची मुलगी कमला यांनी कामं केली. मराठी सिनेमात बाईचे हात पहिल्या दिवसापासून आहेत.

आता आपल्या जिल्ह्याकडं येते. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागं ८०७ मुली निघाल्या, राज्यात सर्वांत कमी. त्यानंतर ‘मुलगी वाचवा’ म्हणून कितीतरी छोट्या फिल्मा, पथनाट्यं, चित्ररथ निघाले. तुम्ही ते पाहिलेत, काहींनी त्यात कामंही केली असतील. त्यातल्या बहुतेकांत एक गोष्ट सारखी असायची. पोटातला गर्भ बोलायचा. ‘आई, मला मारू नकोस’ म्हणून लहान मुलीच्या आवाजात रडायचा. आणि आई? तिला बोलायला एक वाक्य नसायचं. तिला सोनोग्राफीला कोण घेऊन गेलं, पैसे कुणी दिले, आधीच्या दोन मुलींनंतर घरात तिला जेवायला कसं वाढलं जात होतं, दवाखान्याच्या बाकड्यावर ती काय विचार करत बसली होती, यातलं काही नाही. जन्माला न आलेल्या जिवाला आवाज दिला, आणि जिवंत बाईला गुन्हेगार करून गप्प बसवलं.

विषय चांगला होता, हेतू चांगला होता. तरी आपल्याच विरोधात जाणारी गोष्ट तयार झाली. गर्भपात १९७१ च्या कायद्यानं काही अटींवर मान्य आहे, आणि तो हक्क टिकवण्यासाठी आपण भांडतो. गुन्हा आहे तो लिंग पाहून निवड करण्याचा. म्हणून तर आपण ‘भ्रूणहत्या’ हा शब्द टाळून ‘गर्भलिंगनिवड’ म्हणतो. पण पडद्यावर रडणारा गर्भ दाखवला की हा सगळा विचार पुसून जातो, आणि पाहणाऱ्या बाईच्या मनात फक्त अपराध उरतो. सिनेमा कसा केला हा प्रश्न म्हणूनच नुसता कलेच्या माणसांचा नाही, आपल्या राजकारणाचा आहे.

मग बाईला कसं दाखवायचं? मला एका परदेशी सिनेमानं यावर फार विचार करायला लावलं. बेल्जियमची शांताल आकरमान नावाची दिग्दर्शिका. तिनं पंचविसाव्या वर्षी, १९७५ साली ‘जान दिएलमान’ नावाचा सिनेमा केला. लांबी तीन तास एकवीस मिनिटं. ब्रुसेल्स शहरातली एक विधवा, तिचा मुलगा, आणि तिच्या आयुष्यातले तीन दिवस. ती बटाटे सोलते, भांडी घासते, अंथरूण घालते. घर चालवायला दुपारी घरातच पैसे घेऊन पुरुषाबरोबर झोपते. कॅमेरा एका जागी उभा राहून हे सगळं पुरतं होईपर्यंत पाहत राहतो. बटाटे सोलायला जितका वेळ लागतो तितका वेळ. दुसऱ्या दिवशी तिचे बटाटे जास्त शिजतात. एवढंच. पण पाहणाऱ्याच्या पोटात गोळा येतो, कारण तोवर त्या घराची घडी आपल्याला पाठ झालेली असते आणि ती विस्कटते आहे हे कळतं. ब्रिटनचं एक सिनेमाचं मासिक दर दहा वर्षांनी जगभरच्या समीक्षकांना विचारून आजवरच्या उत्तम सिनेमांची यादी करतं. २०२२ च्या यादीत हा सिनेमा पहिला आला. बाईनं केलेला सिनेमा तिथं पहिला यायची ती पहिलीच वेळ.

तुम्ही म्हणाल, बटाटे सोलताना काय पाहायचं, ते आम्ही रोजच करतो. मला नेमकं तेच म्हणायचंय. आपण जे रोज करतो ते कुणी पाहण्यासारखं समजत नाही. नेहमीच्या सिनेमात बाई स्वयंपाकघरात दिसते ती चहाचा ट्रे घेऊन बाहेर येईपर्यंत. पुरुषाची मारामारी दहा मिनिटं चालते आणि बाईचं दिवसभराचं काम एका गाण्याच्या कडव्यात उरकतं. कोणाच्या कामाला किती वेळ द्यायचा हे कुणीतरी ठरवत असतं. मजुरीत ठरवतात, तसंच सिनेमातही ठरवतात.

ऊसतोडीच्या बाईचा दिवस मनात आणा. पहाटे तिनाला उठून कोपीत भाकरी थापायच्या, पोरांचं बघायचं, फडात जायचं, तोडायचं, वाढ्यांचे बंध करून मोळ्या बांधायच्या, डोक्यावर घेऊन गाडी भरायची, परत येऊन पाणी, सरपण, पुन्हा चूल. मुकादमाच्या वहीत नवराबायको मिळून एक कोयता. उचल नवऱ्याच्या हातात. खाडा पडला की दंड दोघांच्या कमाईतून. हा दिवस पडद्यावर मी पुष्कळदा पाहिला आहे. अर्ध्या मिनिटात. पाठीमागं करुण बासरी, उगवता सूर्य, कोयत्याचा एक वार, आणि लगेच निवेदकाचा आवाज. त्या बाईच्या हाताला मोळी बांधायला जितका वेळ लागतो तेवढासुद्धा वेळ तिला मिळत नाही.

वेळ दिला म्हणजे सगळं झालं असंही नाही. दुसरी गोष्ट ठरवण्याची. जब्बार पटेल यांचा ‘उंबरठा’ १९८२ साली आला. शांता निसळ यांच्या ‘बेघर’ या कादंबरीवरून तेंडुलकरांनी पटकथा लिहिली आणि स्मिता पाटीलनं सुलभा महाजन केली. महिलाश्रमाची अधीक्षक म्हणून काम करायला ती घर आणि लहान मुलगी सोडून जाते. या सिनेमावर तेव्हापासून वाद आहेत. ‘अशानं संसार मोडतील’ म्हणणारे होते, आणि ‘आश्रमातल्या बाया शेवटी तशाच राहिल्या, मग मिळवलं काय’ असं विचारणाऱ्या आपल्यातल्याही होत्या. माझ्या मते तो सिनेमा टिकला तो याच वादामुळं. सुलभा हरते. संस्थेतला भ्रष्टाचार तिला आवरत नाही. घरी परत येते तर नवऱ्याच्या आयुष्यात दुसरी बाई आलेली असते. तरी ती पुन्हा निघते. पहिल्यांदा निघाली तेव्हा उमेद होती. दुसऱ्यांदा निघते तेव्हा तिला बाहेरचंही सगळं ठाऊक झालेलं असतं. तिचं ठरवणं आपण डोळ्यांनी पाहतो, म्हणून पटलं नाही तरी विसरत नाही. आणि आश्रमातल्या बाया नुसत्या बिचाऱ्या नाहीत. त्या भांडतात, खोटं बोलतात, पळून जातात, दोघी जणी एकमेकींवर प्रेमही करतात. सिनेमा त्यांना चांगल्या वागण्याचं प्रमाणपत्र मागत नाही. अन्याय झालेली बाई चांगलीच असली पाहिजे, ही अट आपणही कधी कधी घालतो. पोलीस ठाण्यात घातली जाते, कोर्टात घातली जाते. निदान सिनेमात तरी ती नको.

तिसरं उदाहरण आपल्या घरातलंच. सुमित्रा भावे. २०२१ साली त्या गेल्या. त्या काही सिनेमा शिकून आलेल्या नव्हत्या. समाजकार्य शिकवत होत्या, झोपडवस्तीतल्या बायांच्या जगण्याचा अभ्यास करत होत्या. तो अभ्यास झाला आणि त्यांच्यापुढं प्रश्न आला की हा अहवाल वाचणार कोण? ज्या बायांनी एवढं सांगितलं त्यांच्यापर्यंत तो परत कसा जाणार? त्यांच्यातल्या पुष्कळ जणींना वाचता येत नव्हतं. म्हणून १९८५ साली ‘बाई’ नावाची छोटी फिल्म झाली. तिला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, पण माझ्या लेखी मोठी गोष्ट ही की ती फिल्म ज्यांची होती त्यांच्यासाठी केलेली होती. पुढं सुनील सुकथनकर यांच्या बरोबरीनं त्यांनी तीसेक वर्षं सिनेमे केले. त्यातली ‘चाकोरी’ तुमच्यातल्या जुन्या कार्यकर्त्यांनी पाहिली असेल. नवऱ्यानं टाकलेली एक बाई सायकल शिकते. बस, गोष्ट इतकीच. परित्यक्तांच्या प्रश्नावर किती परिषदा झाल्या, किती ठराव झाले, ते सगळे हवेच होते. पण सायकलवर तोल सांभाळणारी ती बाई दिसली की ‘टाकलेली’ हा शब्दच गळून पडतो.

मग १९९५ चा ‘दोघी’. लग्नाला येणारं वऱ्हाड अपघातात जातं आणि मोठी बहीण पांढऱ्या पायाची ठरते. घर भिकेला लागतं. तिला मुंबईला पाठवून देतात, तिच्या शरीराच्या कमाईवर घर चालतं, आणि त्या घरात तिचं नाव काढायचं नाही असं होतं. धाकटी बहीण मात्र ते विसरत नाही. उत्तरा बावकर यांनी केलेली यातली आई पाहा. ती दुष्ट नाही. तिनं पोरीला ढकललं आहे आणि ते तिला माहीत आहे. ‘माहेरची साडी’तली सासू आपल्याला रागावायला सोपी जाते. ही आई तशी सोपी जात नाही, कारण ती आपल्या शेजारी बसलेली असते, कधी कधी आपल्यातच असते. खलनायिका दाखवली की राग तिच्यावर निघून जातो. इथं राग कुठं काढावा ते कळत नाही, म्हणून तो टिकतो आणि मग माणूस विचार करायला लागतो.

अलीकडचं पाहिजे तर ‘सैराट’. नागराज मंजुळे, २०१६. लोक अजून गाण्यांबद्दल बोलतात, आणि त्या गाण्यांवर विहिरीत उड्या मारणारी पोरं आपण सगळ्यांनी पाहिली. पण आठवतो तो शेवट. अर्चीच्या माहेरची माणसं भेटी घेऊन येतात. तिला वाटतं, माहेर परत मिळालं. पुढं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. शेजारणीकडून परत आलेलं पोर रडत बाहेर येतं, फरशीवर त्याच्या तांबड्या पावलांचे ठसे उमटतात, आणि आवाज पूर्ण बंद. पोराचं रडणंही ऐकू येत नाही. अख्खा सिनेमा गाण्यांनी भरलेला होता, म्हणून ती शांतता सहन होत नाही. १९९१ मध्ये माहेरची साडी म्हणजे मायेची खूण होती. पंचवीस वर्षांनी माहेरच्या आहेरामागं काय असू शकतं हे सिनेमानं एक शब्द न बोलता सांगितलं. इथं भाषण असतं, ‘जातिभेद वाईट’ असं एखाद्या पात्रानं म्हटलं असतं, तर आपण मान डोलावून घरी गेलो असतो.

आता सगळ्यांत जवळची गोष्ट. २०१९ साली बीडच्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याची बातमी देशभर झाली. सरकारनं नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ बायांची पाहणी झाली, त्यात १३,८६१ जणींच्या पिशव्या काढलेल्या निघाल्या. त्या काळात कॅमेरे आले, देशातले आले, परदेशातलेही आले. पुढच्या वर्षी, २०२० मध्ये, अनंत महादेवन यांनी याच विषयावर ‘बिटरस्वीट’ हा मराठी सिनेमा केला, तो दक्षिण कोरियाच्या बुसान महोत्सवापर्यंत गेला. बातमी झाली ती चांगलीच गोष्ट, नाहीतर समिती नेमली गेली नसती. आमच्या लढ्यालाही तिचा उपयोग झाला.

पण मी अभ्यासासाठी एका तांड्यावर गेले तेव्हाची गोष्ट सांगते. कॅमेरा लावला आणि समोरची बाई पदर सावरून म्हणाली, “कुठून सांगू? उचलीपासून का दवाखान्यापासून?” तिनं ती गोष्ट इतक्या जणांना सांगितली होती की तिचे तुकडे पडले होते. कुठं थांबायचं, कुठं डोळ्याला पदर लावायचा, तिला पाठ झालं होतं. कॅमेऱ्याला काय लागतं हे आम्ही लोकांनीच तिला शिकवलेलं होतं. मी कॅमेरा बंद केला आणि दोन दिवस नुसती तिथं राहिले. तिसऱ्या दिवशी ती आपणहून बोलायला लागली. दवाखान्याबद्दल नाही. आपण बांधलेली मोळी गाडीत चढवताना कधी सुटली नाही, हे सांगत होती. मी म्हटलं, दाखवा. तिनं वाढ्याला पीळ दिला, बंध केला, गुडघा टेकवून मोळी आवळली, पुन्हा सोडून पुन्हा बांधली, कारण पहिली तिला पसंत पडली नाही. त्यानंतर हात झाडत ती म्हणाली, पिशवी काढल्यापासून एवढं आवळताना ओढ बसते. बस. इतकंच म्हणाली. आम्हा विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी ज्यांनी ते चित्रण पाहिलं त्यांना ती मोळी आठवते, आणि मोळीबरोबर ते एक वाक्य. आधी ती कामाची पक्की बाई म्हणून भेटली, मग तिचं दुखणं कळलं. क्रम उलटा असता तर ती १३,८६१ मधली एक झाली असती.

मैत्रिणींनो, म्हणून माझ्या गटांना काही सूचना आहेत. सिनेमा दाखवून झाला की लगेच दिवे लावून ‘यातून काय बोध घेतला’ असं विचारू नका. बोध विचारला की बाया आपल्याला हवं तेच उत्तर देतात, शाळेतल्यासारखं. त्याऐवजी विचारा, काय आठवतं? एखादी वस्तू, एखादा आवाज, एखादी जागा. कुणी घड्याळ म्हणेल, कुणी सायकल म्हणेल. मग विचारा, ते का राहिलं मनात? तिथून बोलणं आपोआप स्वतःच्या घरापर्यंत येतं. मग विचारा, यातल्या बाईला काय हवं होतं, ते आपल्याला कळलं का? तिनं कोणती गोष्ट स्वतः ठरवली? ती एकटी असताना सिनेमा तिच्यापाशी थांबला, का पुरुष खोलीत आला तेव्हाच कॅमेरा आला? कुणाला सिनेमात घेतलंच नाही? दलित बाई, मुसलमान बाई, पारधी बाई दिसली का, आणि दिसली तर तिला नाव होतं का? हे प्रश्न हलक्याफुलक्या सिनेमालाही विचारता येतात. २०२३ मध्ये ‘बाईपण भारी देवा’ पाहायला बाया नटूनथटून गटागटानं गेल्या, खूप हसल्या. हसाव्यातच. हसून झाल्यावर हेही बोलता येतं.

दुसरं, आता प्रत्येक गटात एकीकडं तरी कॅमेऱ्याचा मोबाइल आहे. श्याम बेनेगल यांच्या १९७६ च्या ‘मंथन’ला गुजरातच्या पाच लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी दोन रुपये दिले होते, तेव्हा कुठं तो सिनेमा उभा राहिला. आपल्याला आता तेवढंही लागत नाही. दसरा-दिवाळीला टोळ्या जातील, पट्टा पडला की परततील. जाणाऱ्या बायांनी स्वतः चित्रण करावं. चेहरा दाखवायचा की नाही हे जिचा चेहरा आहे तिनं ठरवावं. आणि केलेलं चित्रण सगळ्यांत आधी तिला दाखवावं, जिल्ह्याच्या कार्यक्रमाला नंतर. तिनं ‘हे काढा’ म्हटलं तर काढावं. सुमित्राबाईंनी ‘बाई’ केली ती या विचारानं, तो धडा आपण पुढं न्यायला हवा.

पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीनं एक गोष्ट ठरवून या. आपल्या दिवसातलं असं कोणतं काम आहे, जे पडद्यावर कुणी पुरतं दाखवलेलं नाही? त्याची यादी करू. यादी मोठी होईल, एवढं मला आत्ताच दिसतंय. तिथूनच चित्रणाला सुरुवात करू.